बटणांचा हिशेब

एका अंगरख्याला सात बटणं.
पाच छातीवर, दोन मनगटांना.
सरनोबताला नऊ; का, ते सरनोबतालाच ठाऊक.
आरमाराला सहा,
समुद्र एक काढून घेतोच म्हणतात.
नाशकाला समुद्र नाही,
पण आरमाराची कचेरी आहे, सराफ बाजारात, माडीवर.
तिथले कारकून गोदेला पूर आला की होड्या काढतात
आणि दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं
ते मोजून वर कळवतात.

तांबट आळीत आमचं दुकान तिसरं.
पणजोबांच्या वेळी हंडे, परात, घंगाळं.
टोपीकर आले, कापड विकलं,
गलबतं भरून परत गेले.
मग आमच्याआमच्यात सीमा आखायचं तेवढं काम उरलं:
इकडे गोदा-भीमा संघराज्य,
सेलबारीच्या खिंडीपलीकडे तापीची दौलत.
तेव्हापासून हंडे कमी, बटणं जास्त.
बटणावर तोफ, तोफेखाली नदीच्या तीन रेघा.
तिसरी रेघ पुसट उठते.
देवळालीच्या तोफखान्यातून दर साल तक्रार येते,
मी उत्तर लिहितो:
उन्हाळ्यात गोदा तशीच असते.

लढाई झाली नऊ दिवस.
द्राक्षं अजून आंबट होती.
मखमलाबादच्या पोरांनी
पाठीवरचे फवारणीचे पंप उतरवले,
बिनतारी यंत्रं चढवली,
पट्टे त्याच भोकांत बसले.
रामसेजवर दिवे मालवले रात्रीचे.
दहाव्या दिवशी वर्तमानपत्रात ‘तह’
एवढ्या मोठ्या ठशात
की नावांची यादी आतल्या पानावर गेली,
बाजारभावांच्या शेजारी.

मग गोणी आली.
परत आलेल्या अंगरख्यांची बटणं
मोजायची, तोलायची, वितळवायची, असा नियम.
अंगरखे कोणाचे, ते विचारायचं नाही,
असाही एक.
गोणीवर सही: जुमलेदार द्वारका बेंडकोळी, भांडार विभाग.
दोनशे सहा अंगरखे. चौदाशे बेचाळीस बटणं.
मी मोजली. भरली.
पण एकावर तोफ नव्हती.
मोर होता.

भोकात आमच्याच सरकारी दोऱ्याचा तुकडा.
म्हणजे खिंडीत कुठेतरी बसून
कुणीतरी नीट सुई चालवली होती.
कुणाचं कुणाला दिलं, की काढून घेतलं,
दोरा सांगत नाही.

उलटं केलं.
मागची कडी. कडीला दिलेला डाख.
डाखाखाली तारेला डावीकडे मारलेला दीड पीळ.
हा पीळ शिकवत नाहीत कुठे.
माझ्या हातात आहे, बापाच्या होता,
आणि बापाचा चुलता रंभाजी,
जो वाटणीत भांडून एक ऐरण उचलून
नंदुरबारला चालत गेला,
त्याच्या.
त्याचे नातू आता अहिराणी बोलत असतील.
सवागी मात्र आमच्यासारखीच जास्त घालतात.

संध्याकाळी द्वारका आली पावती न्यायला.
मी बटण तिच्या तळहातावर ठेवलं.
‘शत्रूचा धातू वेगळा जमा करायचा असतो,’ म्हणाली,
‘पंचनामा, तीन प्रती.’
शेजारच्या दुकानात परातीवर ठोके पडत होते.
ते थांबेपर्यंत ती उभी राहिली.
‘आकडा भरतो ना?’
‘भरतो.’
‘मग भरतो,’ म्हणाली, आणि सही केली.
बटण गल्ल्यावर ठेवून गेली.

मूस तापली तेव्हा वजनाला कमी पडू नये म्हणून
एका फुटक्या लोटीचा काठ टाकला.

आता नवा कागद आलाय. तीन हजार नग,
पावसाळ्याआधी. तिसरी रेघ स्पष्ट हवी.
तिकडेही गेला असेल असाच:
मोराचा तुरा नीट उठत नाही.
काय उत्तर लिहिलं असेल त्यांनी?
सांगून पाहतो स्वतःलाच एक-दोन,
हसू येतं,
आणि हात तोवर तार धरून
डावीकडे वळलेला असतो.