पाणंद

मंगळवार पेठेत मी साडेसातला शिरायचो.
एका बोळातनं आत, तालमीच्या मागनं बाहेर,
कुणाच्या तरी बंबाच्या धुरातनं वाट काढत
दुसऱ्या बोळात.
दहाच्या आत दोनशे दहा मीटर वाचून व्हायचे.
चपला झिजायच्या, खरं माघारी फिरावं लागायचं नाही.
बोळ कितीही अरुंद असू दे,
माणसाला कुठंतरी नेऊन सोडायचाच.

आता माझ्याकडं कळंब्याच्या पुढचा भाग.
चार एकर ऊस निघाला की एक ले-आऊट पडतो.
ज्याची त्याची कमान, कमानीवर आईवडिलांचं नाव,
आत डांबरी रस्ता. सरळ जातो,
आणि शेजारच्या गटाची हद्द आली की थांबतो,
अर्धं वाक्य टाकून चहाला उठलेल्या माणसासारखा.

भिंतीच्या अलीकडं मगदूम, पलीकडं मुल्लाणी.
मुल्लाणीवहिनींच्या कुकरच्या शिट्ट्या मगदूमकाकू मोजतात,
चौथी झाली की ओरडतात, "बंद करा ओ गॅस!"
आणि मला ह्या मीटरवरनं त्या मीटरवर जायला
दोन किलोमीटर सातशे.
कमानीतनं बाहेर, रिंग रोड, पेट्रोल पंपाचा वळसा,
दुसरी कमान,
वॉचमनची वही: नाव, वेळ, कुणाकडं.

नगररचनेतल्या साहेबांना एकदा विचारलं.
म्हणाले, नकाशात रस्ता जोडलेलाच आहे.
बघितला मी नकाशा. होता जोडलेला.
तुटक रेघेनं.

माझ्या जागेवर नवीन पोरगा येतोय, प्रणित.
मोबाईल धरून भिंतीसमोर उभा.
"काका, पंधरा मीटरवर मीटर दाखवतंय."
"दाखवतंय खरं. जा उडून."

मग सांजच्याला त्याला थांबवून घेतलं.
सुतारांची म्हैस. जमीन विकली, म्हैस तेवढी ठेवलीय.
ती चरून येते ते डांबरीवरनं नाही.
मोकळ्या प्लॉटांतनं, हद्दीच्या दगडांमधनं, तिरकी,
आणि भिंतीला कपाळ लावून उभी राहते.
कुणी हाकललं तरच वळते.

इथनं पाणंद होती, मी म्हटलं.
उसाच्या गाड्या जायच्या. कात्यायनीला जाणाऱ्या बायका जायच्या.
ह्या म्हशीची आजी जायची.

भिंत तिथं काळी, तुळतुळीत झालीय,
एका कपाळाएवढी.

पोरानं हात लावून बघितलं.
मोबाईलवर काहीतरी नोंदवलं.
काय, ते मी विचारलं नाही.