कुर्लीचं बीळ

अमावस्येच्या आदल्या दिवशी, रविवारी,
जेवताना बाबांचा उजवा हात ताटातच राहिला.
बोटांत हुमणाने माखलेला घास,
पण हात वर येईना.
साफ करून ठेवलेल्या बांगड्यासारखा पडून.
मीठ मागत असावेत.
तोंडातून आलं, "मानस. मानस दे."

मानस म्हणजे आमच्या दिवाडीत
खाजनाच्या बांधातली लाकडी दारं,
भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी.
चाळीस वर्षं त्यांनी ती राखली.
मी मीठ दिलं नाही, मानसही नाही,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले,
का कोण जाणे.

सात मिनिटं.
मग हात उठला, घास तोंडात गेला.
"कसलं बघताय? जेवा की."
शेवंताकाकूने मीठ-मिरच्या ओवाळल्या.
दत्ताराम भावोजी म्हणाले, पित्त.
शेजारचा कायतान कुंपणावरून: गेलं ना? गेलं, तर झालं.

गेलं.
पणजीच्या औषधाच्या दुकानात मी बिलं करते,
त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी
फेब्रुवारीपासून कुणी फोडलेली नाही, हे मला माहीत आहे.
आणि त्यांनीच शिकवलेलं एक:
बांधातून पाणी झिरपलं आणि आपोआप थांबलं,
तर त्या रात्री झोपायचं नाही.
कुर्लीने बीळ केलंय.
आत माती सरकून तात्पुरती बसलीय, इतकंच.
मोठी भरती यायची आहे अजून.

"तुमचाच नियम," मी म्हटलं.
ते माझ्याकडे बघत राहिले.
मग स्वतःच चपला शोधू लागले,
डावी उजव्या पायात घातली,
आणि ती चूक होती की घाई, मला कळेना.

फेरीबोटीत एक म्हैस, दोन स्कूटर, आम्ही.
मांडवीचं पाणी फुगलेलं.
मध्यावर त्यांनी विचारलं,
"तुझ्या आईचं नाव काय गं?"
माझा श्वास अडकला.
"मला माहीत आहे," ते म्हणाले, "तू घाबरतेस का बघितलं."
पलीकडे धक्क्यावर १०८ उभी.

बांबोळीला तरुण डॉक्टरीण म्हणाली,
मानेतली शीर अरुंद झालीय, डावी.
पुढे ज्यांना झटका येतो या आठवड्यात,
त्यांतल्या निम्म्यांना पहिल्या दोन दिवसांतच येतो.
बरं केलंत, थांबला नाहीत.
मी काही बोलले नाही.
मी तीन तास थांबले होते.
भांडी घासली होती, कपडे दोरीवरून काढले होते.

सोमवारची रात्र.
दर तासाला नर्स येते: आजोबा, दोन्ही हात वर करा.
ते करतात, पोलिसांनी पकडल्यासारखे.
मी उजव्याच्या बोटांकडे बघते,
खाली येतायत का, केसभर तरी.
"किती वाजता भरती?"
"बारा वाजून दहा."
"मानशीवर कोण आहे आज?"
"कायतान."
"तो झोपतो," बाबा म्हणतात,
आणि उशीवर सरकून
डोळे उघडे ठेवतात.