दोष आढळला नाही

चौऱ्याण्णव.
पडद्याच्या कोपऱ्यात आकडा लाल होतो
आणि पाथर्डी फाट्यावरच्या, अजून पायाही न खोदलेल्या इमारतीचा
सातवा मजला अर्ध्यात थिजतो.
ग्राफिक्स कार्डाचे पंखे असे किंचाळतात
की खालच्या सुमतीबाई जिन्यातून हाक मारतात,
"इतक्या रात्री मिक्सर लावलास का गं?"

सिडकोतल्या माझ्या खोलीवर पत्रा आहे.
एप्रिलच्या दुपारी तो ताणून ताणून कडाडतो,
भिंतीला पाठ टेकवत नाही.
कॉम्प्युटरचं झाकण काढून
टेबलफॅन त्याच्या तोंडाशी लावते. माझ्याकडे पंचा.
चित्रात मात्र मी कायम संध्याकाळचे सहा वाजवते:
तलावात गुलाबी ढग,
बाल्कनीत एक बाई, हातात पेला,
तिला घाम येत नाही.

कॅनडा कॉर्नरच्या काउंटरवर हेरंब.
म्हणाला, बिल आणा.
बिल नेलं, तर म्हणाला, मूळ खोकं आणा.
खोक्यात दिवाळीपासून लसूण होता.
लसूण परातीत ओतून खोकं नेलं,
त्याने नाक न मुरडता पावती फाडली.
मुंबईला जाईल. वीस दिवस.

वीसाचे अडतीस झाले.
रोज अकराला एक रेकॉर्ड केलेली बाई सांगायची,
तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
एकदा मी तिलाच विचारलं,
बाई, तुमच्याकडे किती डिग्री?
ती सतार वाजवू लागली.

मग कार्ड आलं, आणि सोबत एक कागद:
दोष आढळला नाही.

बावीस डिग्रीच्या खोलीत,
उघड्या टेबलावर, अर्धा तास
शहाण्या मुलासारखं चाललं असणार ते.
हे वाक्य मला नवं नव्हतं.
फेब्रुवारीत सिव्हिलला आईचा कागदही असाच आला होता.
तिची धडधड रात्री येते, जिना चढल्यावर येते,
डॉक्टरांसमोर कधीच येत नाही.

"दुपारी दोनला माझ्या खोलीत येऊन बघा ना,"
मी काउंटरवर हात आपटून म्हटलं.
हेरंबने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.
"मॅडम, माझ्याही घरावर पत्राच आहे.
पण फॉर्मात खोलीचा रकानाच नाही."

परतताना तांबट आळीत शिरले, का ते माहीत नाही.
रेवजीमामा एका घंगाळाचा पोचा काढत होते.
त्यांनी हातोडी ठेवली, कार्ड उलटं केलं,
आतल्या तांब्याच्या नळ्यांवर नख वाजवून कान लावला.
"तांबं खणखणीत आहे. मधली कलई गेली असेल."
कलई नाही मामा, पेस्ट म्हणतात.
"तेच ते. उघड की."
उघडता येत नाही. स्क्रूवर पांढरा कागद आहे,
फाटला की वॉरंटी गेली.
मामांनी चष्मा कपाळावर चढवला,
तांदळाएवढा तो कागद बराच वेळ पाहिला.
"एवढ्यानं बांधलंय तुला?"

वॉरंटीचे अकरा दिवस उरले होते.
अकरा दिवस मी रात्री दोन ते सहा काम केलं,
पत्रा निवल्यावर, एकेक मजला,
आणि दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर
सुटकेची तारीख गोल केली.

बाराव्या दिवशी नख घातलं.
कागद फाटला, काहीच झालं नाही.
आत राखाडी पापुद्रा, जुन्या चुन्यासारखा,
फुंकरीनं उडाला.
साडेतीनशे रुपयांची पिचकारी,
हरभऱ्याएवढा ठिपका, चार स्क्रू.
अडतीस दिवस, आणि हे.
मी जमिनीवर बसून हसले, मग थोडं हसू थांबलं.

एक्याऐंशी.
सातवा मजला चढला, आठवाही.
बाल्कनीतल्या त्या बाईच्या कपाळावर
मी घामाचे दोन थेंब ठेवले, अगदी बारीक,
केसांच्या कडेला.

सकाळी बिल्डरच्या ऑफिसातून फोन:
तिच्या तोंडावर काहीतरी चमकतंय, काढा.
हो म्हटलं.
अजून काढलेले नाहीत.