लाइन गेली

आमच्याकडे लाइट जात नाही.
लाइन जाते.
मे महिन्यात, दुपारी अडीचला,
कूलरचा खस अर्धा ओला असताना.
पंखा आणखी दोन फेरे आपल्या मनाने मारतो
आणि पाचपावलीच्या गल्लीतून एकच आवाज उठतो: गेली!
कोण, हे कुणी विचारत नाही.

मग सगळे आमच्या दारात,
कारण बाबा लाइनमन. धनराज नंदनवार, वीज मंडळ.
जणू लाइन आमच्या फळीवर डब्यात भरून ठेवलीय
आणि आई उसनी द्यायला कुरकुरतेय.

सातवीत कुंभलकर मॅडमनी तो शब्द फळ्यावर लिहिला
आणि म्हणाल्या, अर्थ सांगा. एकच.
मी उभी राहिले,
तर तोंडात इतके जमले की एकही बाहेर पडेना.
रेशनच्या दुकानापुढे पिशवी ठेवून धरायची, ती.
इतवारीहून नागभीडला जायची, ती छोटी,
जी चालू असताना मामा उतरायचा,
बोरं तोडायचा, आणि पुन्हा त्याच डब्यात चढायचा
(असं मामा सांगायचा).
इंग्रजीच्या वहीतल्या चार, दोन लाल, दोन निळ्या,
ज्यांच्यात जी-चं शेपूट कधी मावलं नाही.
सिव्हिल लाइन्स, जिथे रांग कसली ते दिसतच नाही,
नुसती झाडं, बंगले आणि फाटकाआडचा कुत्रा.
आणि कुंदा पौनीकरच्या भावाने
रिकाम्या रस्त्यावर सायकलची घंटी वाजवली, ती.
ही मॅडमना सांगण्यासारखी नव्हती.

मी म्हटलं, तार.
मॅडम म्हणाल्या, चूक. रेषा. बस खाली.

रेषा, ओळ, रांग, रूळ, तार.
मराठीने प्रत्येकीला वेगळी खोली दिली,
इंग्रजीने सगळ्यांना एका चटईवर झोपवलं.
आम्ही पडलो नागपूरचे,
उन्हाळ्यात गच्चीवर झोपणारे.
आम्हाला चटईच बरी वाटली.

बाबांनी मला एकच व्याकरण शिकवलं:
"बंद हाय म्हणून कोणीबी सांगू दे, बाई,
चालू हाय समजूनच हात लावाचा."
तरी चढण्याआधी ते सबस्टेशनला फोन करत
आणि हेडाऊ ऑपरेटर तिकडून म्हणे, लाइन क्लिअर.
तेवढ्या दोन शब्दांवर
माझा बाप खांबाच्या टोकाला,
कमरेला पट्टा, दातात पक्कड.
मी खालून फक्त त्यांच्या चपला बघायची,
खांबाच्या बुडाशी, शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या.
त्या तापायच्या. मी त्यांच्यावर माझी सावली धरायची.

मागच्या चैत्रात, मेडिकलच्या वॉर्डात,
लिसम्मा सिस्टर त्यांचा हात उलटासुलटा करत होत्या.
मनगट. कोपर. पुन्हा मनगट.
"लाइन मिळत नाही," त्या मला हळूच म्हणाल्या.
चौतीस वर्षं अख्ख्या मोहल्ल्याला
मिळवून देत आलेला तो हात.
बाबांनी डोळे उघडले नाहीत.
फक्त विचारलं, "बंद करून घेतली का, पोरी?"
सिस्टरना काहीच कळलं नसणार.
त्या म्हणाल्या, "हो, बाबा."
मग त्यांनी मूठ सैल सोडली.

मोठी आत्या कामठीहून फोनवर ओरडत होती,
लाइनवर हायेस का? हायेस का लाइनवर?
मी "हो" म्हणत होते,
तिला ऐकू जात नव्हतं.

आज हे लिहिताना पुन्हा गेली.
ओळ अर्धी राहिली, पेन कागदावर चाचपडत राहिला.
गल्लीतून तोच आवाज.
सवयीने कुणीतरी दाराशी आलं,
धकाते काका असावेत, खोकल्यावरून.
"धनराजभाऊ..." म्हणाले
आणि तिथेच थांबले.

येईल, मी अंधारातून म्हटलं.
हो, येईलच, ते म्हणाले,
आणि उंबऱ्यावरच बसले.
आत गरम जास्त होतं.