पत्ती

ताण्याचा धागा तुटला
की पत्ती पडते, माग थांबतो.
चाळीस वर्षं जॉबर म्हणून हेच बघितलं मी,
आणि नरसम्माच्या गालातला माग
कुणालाच थांबेना.

आता तिच्या नसेत थेंब थेंब प्लॅटिनम.
भाची वनजा केगावला विद्यापीठात शिकते.
म्हणाली, मामा, प्रथिनं म्हणजे घडी घातलेले धागेच,
त्यांत कुठं कुठं गंधक असतं,
धातू नेमका तिथं चिकटतो,
घडी विस्कटते, काम बंद.
मी विचारलं,
चांगला माग कुठला, वाईट कुठला, त्याला कळतं का?
ती चादरीच्या दशा मोजत बसली.

डॉक्टर म्हणतात, पाणी पाजा भरपूर, मूत्रपिंडं जपा.
साखर पेठेत नळ पाचव्या दिवशी येतो.
दोन घागरी वेगळ्या ठेवल्यात,
त्यांना कुणी हात लावत नाही.

जिभेवर नाण्याची चव.
भात नको म्हणते, चटणीसुद्धा.

काल रात्री उठवलं मला:
कानात माग चालतोय.
निम्मे कान कारखान्यानं आधीच नेलेले,
उरलेल्यांत हा.
मी ऐकलं. गल्ली गप्प होती.
बंद कर की, म्हणाली.
मी उठलो,
अंधारात भिंतीवर बटण चाचपत राहिलो.