सहा मिलिमीटर

सकाळी सात. इन्क्युबेटरमधून प्लेट काढते,
पट्टी लावते, वर्तुळं मोजते.
औषध लागू पडलं तर चकतीभोवती
मोकळं अंगण दिसतं.
अंगण नसेल तर सहा लिहायचे,
ती कागदी चकतीची स्वतःची रुंदी.

सहा. सहा. सहा.
एकाशी आठ. त्याला तक्त्यात किंमत नाही.

बेड नऊ. तुळशीदास मढवी, घणसोली गाव,
आले होते खुबा मोडला म्हणून.
खुबा जुळतोय.

परवा रक्त घ्यायला गेले तेव्हा
घामेजलेले होते, पण बोलत होते :
"खाजणं होती आमची, खाडीला लागून.
बांध फुटला की खारं पाणी घुसायचं,
आठवड्यात सगळं पिवळं.
मधेच चार लोंब्या उभ्या.
आई तेवढ्याच खुडून बियाण्याला ठेवायची.
पुढल्या साली निम्मं शेत तगायचं."
मी म्हटलं, काका, मूठ आवळा.

आता ते शेत माझ्या हातात आहे,
काठोकाठ, चकतीच्या अंगाला भिडलेलं.
आम्ही म्हणतो, कल्चर लावलं.
म्हणतो, वाढ आली.
वाढ पोरांना हवी, पगाराला हवी,
पानावर बसलेल्याला हवी.

बांध कुणी फोडला?
कोपरखैरण्याचा केमिस्ट कात्रीने पट्टी कापून
दोन गोळ्या सुट्या देतो, त्याचं नाव घेता येईल.
पण माझ्या फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्यात,
निमिषच्या तीन कॅप्सूल आहेत.
ताप उतरला होता.

आयसीयूत सिस्टर जॅसिंता बेड आठचं आटोपते,
हात धुते, नीट, मनगटापर्यंत,
मग बेड नऊचा पडदा सरकवते.
पडदा दिवाळीत धुतला होता.

डॉक्टर फोनवर : कोलिस्टिन तरी?
त्याची चकती नसते, सर. नळ्यांत बघावं लागतं.
उद्या कळेल.

खिडकीशी त्यांची मुलगी उभी आहे,
डब्याची पिशवी दोन्ही हातांनी धरून.
"बाबा नुसते पडले होते हो.
हे आलं कुठून?"
मी म्हणते, जंतू औषधाला दाद देत नाहीत.
ती मान हलवते, जणू तिने हेच विचारलं होतं.

नियमाप्रमाणे असल्या वाढीतली चिमूटभर
राखून ठेवायची असते, उणे ऐंशीला.
बाटलीवर तारीख घालते.