न्ह्यारी

सात वाजता मी शटर अर्धंच वर करतो.
मिठबावची गाडी सव्वासातची, आणि तिच्याआधी
पोरांच्या चपला, वाळूसकट, माझ्या पायरीवर.
दहाची नोट, वीसची नोट, ओली नाणी.
पाकिटांच्या माळा मी काथ्यानं
वाशाला बांधल्यात,
एक ओढली की सगळ्या सळसळतात
वारं नसलं तरी.

कुणाला काय, मला पाठ आहे.
यज्ञेशला हिरवं. साहिरला क्रीमचं बिस्किट,
तो क्रीम चाटतो आणि उरलेलं
धाकट्या भावाला देतो.
दुर्वा कोयंडेला लाल. रोज लाल.
तिची आई चार वाजता बंदरावर, लिलावाला;
जाताना चहाच्या टोपाच्या झाकणावर
दहा रुपये ठेवून जाते.
बापूस पर्ससीनवर, तीन-तीन दिवस.
घरात मासळी आहे, रात्रीचा भात आहे,
पण पंधराव्या वर्षी
भातासाठी कोण लवकर उठतं?
केसांनाच पाऊण तास लागतो.

मी कुणाला काही बोलत नाही. धंदा आहे.
पाकिटामागं दीड रुपया सुटतो.
आणि गल्ल्याच्या खालच्या फळीवर
माझी पेज झाकून ठेवलेली असते,
उकड्या तांदळाची, जाडसर,
मिठाचे दोन खडे, कडेला भाजलेला सुका बांगडा.
गाडी गेली की खातो.
गिऱ्हाइकासमोर नाही.

सोमवारी संध्याकाळी पेडणेकर बाई आल्या, कागद घेऊन.
नववीच्या बावीस मुली तपासल्या,
चौदा जणींचं रक्त कमी.
दुर्वा परवा प्रार्थनेत पडली,
दुसऱ्या कडव्याला.
मी म्हटलं, बाई, मी नाही विकलं
तर वळणावरचा मोंडकर विकेल.
म्हणाल्या, माहीत आहे.
मग त्यांनीच एक पाकीट ओढलं, वीस दिले
आणि सुटे न घेताच निघाल्या.
कणकवलीहून येतात त्या,
पहाटे साडेपाचला घर सोडून.

आज दुर्वाची गाडी चुकली.
लाल पाकीट मांडीवर, न फोडलेलं,
ती पायरीवर बसून राहिली.
मला भूक आवरेना. झाकण काढलं.
भाजलेल्या बांगड्याच्या वासाला
कुठलं शटर पुरतंय.
"काका, काय खातंस?"
"पेज गो."
"आमच्याय घराक असता,"
असं म्हणाली, जसं आपण
लांबच्या नातेवाइकाबद्दल बोलतो.

वाटी एकच होती.
झाकणात ओतून दिली. पोचं आलेलं झाकण,
एका बाजूनं सांडणारं.
तिनं आधी सांडणारी बाजूच तोंडाला लावली.
बोटानं मीठ विरघळवलं, पुन्हा प्यायली.
बांगड्याचं डोकं माझ्यासाठी ठेवलं.
मग आठची गाडी आली.
पाकीट मात्र दप्तरात टाकलं तिनं,
मधल्या सुट्टीसाठी.

मी झाकण धुतलं, उन्हात पालथं घातलं.
उद्या पेज वाढवून आणावी
तर उद्या ती वेळेवर येईल,
घाईत, दहाची नोट पुढं करून.
आणि एकीला दिली
तर पायरीवर बाराजण असतात.

एजन्सीवाला गुरुवारी येतो.
लाल माळ संपत आली आहे.
वही उघडून बसलोय,
पुढं आकडा घालायचा राहिलाय.